मैदान पाच मिनिटांवर हवे

नवी मुंबईत घणसोली येथे शासकीय क्रीडा संकुलासाठी सुमारे २० एकर जागा २००३ मध्ये ठरली होती. संकुल काही उभे राहिले नाही. २०१६ मध्ये सिडकोने त्या जागेचा काही भाग बांधकामासाठी खासगी विकासकाला दिला. पुढे २०२१ मध्ये राज्य सरकारने हे संकुल रायगड जिल्ह्यात, माणगाव तालुक्यातल्या नाणोरे गावी हलवण्याचे ठरवले. घणसोलीपासून नाणोरे सुमारे ११५ किलोमीटर. वास्तुविशारदांच्या संस्थेच्या नवी मुंबई केंद्राने याविरुद्ध दाद मागितली आणि १ जुलै २०२४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने हा निर्णय रद्द केला. सिडको सर्वोच्च न्यायालयात गेली, तेव्हा तिथल्या सुनावणीतही शहरातल्या उरल्यासुरल्या मोकळ्या जागा राखण्याचाच मुद्दा पुढे आला.

या प्रकरणाची चर्चा बहुतेक जमिनीचा भाव आणि कायदा या अंगाने झाली. आरोग्याच्या अंगाने पाहिले तर प्रश्न अगदी साधा आहे. रोज संध्याकाळी शाळा सुटल्यावर खेळायचे मूल ११५ किलोमीटरवर जाऊ शकत नाही. ते पाच किलोमीटरवरही जात नाही. मैदान किती मोठे, त्यावर किती कोटी खर्च झाले, यापेक्षा ते घराच्या दारापासून किती पावलांवर आहे, यावर त्याचा औषधी गुण अवलंबून असतो.

नाणोऱ्याच्या लोकांनाही चांगले क्रीडा संकुल हवेच असेल आणि ते मिळायलाही हवे. पण ते त्यांच्यासाठी म्हणून. मुंबई-गोवा महामार्गाने माणगावच्या पुढे उतरत गेले की महाड येते आणि महाडपासून सावित्रीच्या खाडीकाठाने तुडीलसारखी खाडीपट्ट्यातली गावे लागतात. या भागातले लोक आज नेमके कुठे राहायला चालले आहेत आणि तिथे त्यांच्या शरीराचे काय होते, हे पाहिले तर घणसोलीचा प्रश्न आपल्या दारापर्यंत आलेला दिसतो.

तुडीलचे खळे आणि महाडचा फ्लॅट

कोकणातल्या गावात व्यायाम नावाची वेगळी गोष्ट नव्हती. पावसाळ्यात चिखलात वाकून लावणी, नंतर कापणी आणि झोडणी, एरवी विहिरीचे पाणी, लाकूडफाटा, चढ-उताराची वाट. अंगणाला, म्हणजे खळ्याला, कुलूप नव्हते. मुले तिथेच खेळत आणि म्हातारी माणसे तिथेच बसत. हे जगणे सोपे नव्हते. त्याने अनेक बायकांच्या कमरा आणि गुडघे झिजवले. त्यामुळे जुन्या कष्टांचे गोडवे गाण्याचे कारण नाही. पण शरीर हलत होते आणि माणसे एकमेकांना दिसत होती, एवढे खरे.

खाडीपट्ट्यातली अनेक घरे कित्येक वर्षांपासून मुंबई, नवी मुंबई आणि आखाती देशांतल्या कमाईवर चालतात. त्या कमाईतून, किंवा मुलांच्या शिक्षणासाठी, पुढची पिढी महाड, पनवेल, खारघर अशा ठिकाणी फ्लॅट घेते. मागोमाग कधी तरी आईवडीलही तिथे येतात. सत्तरीची आजी तिसऱ्या मजल्यावर राहू लागते. लिफ्ट बंद असली की दिवसदिवस खाली उतरत नाही. खाली उतरली तरी समोर रस्ता, त्यावर उभ्या गाड्या आणि मधून जाणाऱ्या दुचाकी. बसायला जागा नाही. जेवणात भात पूर्वीइतकाच असतो. तो जिरवणारे काम मात्र संपलेले असते.

असे बदल एकेका घरात होतात, पण त्यांची बेरीज राष्ट्रीय आकड्यांत दिसते. जून २०२४ मध्ये ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’ या नियतकालिकात आलेल्या जागतिक अभ्यासानुसार, २००० साली भारतातले सुमारे २२ टक्के प्रौढ पुरेशी शारीरिक हालचाल करत नव्हते. २०२२ मध्ये हे प्रमाण सुमारे ४९ टक्क्यांवर गेले. पुरुषांमध्ये ते ४२ टक्के, तर स्त्रियांमध्ये ५७ टक्के होते. एका पिढीच्या काळात निष्क्रिय माणसांचे प्रमाण दुपटीहून अधिक वाढले.

२०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या ‘इंडिॲब’ पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी लोकांना मधुमेह आहे आणि आणखी १३ कोटींहून अधिक लोक मधुमेहाच्या उंबरठ्यावर आहेत. उच्च रक्तदाबाचे प्रमाण प्रौढांमध्ये ३५ टक्क्यांच्या आसपास आहे. यातला एक तपशील तुडीलसारख्या गावांनी नीट वाचावा असा आहे. मधुमेह शहरात सुमारे १६ टक्के आणि ग्रामीण भागात सुमारे ९ टक्के आहे. पण मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्यांचे प्रमाण शहर आणि खेडे दोन्हीकडे जवळपास सारखेच, १५ टक्क्यांच्या आसपास आहे. म्हणजे खेडेगाव शहरापेक्षा सुरक्षित आहे असे नाही. ते त्याच वाटेवर, थोडे मागून चालले आहे.

चालण्याने शरीरात काय होते

चालताना पायांच्या आणि मांड्यांच्या मोठ्या स्नायूंना इंधन लागते. ते रक्तातली साखर ओढून घेतात आणि काम करणारा स्नायू ही साखर इन्सुलिनची फारशी मदत न घेताही घेऊ शकतो. म्हणून ज्यांचे इन्सुलिन नीट काम करत नाही, त्यांनाही जेवणानंतरच्या दहा-पंधरा मिनिटांच्या चालण्याचा फायदा होतो. नियमित चालण्याने रक्तवाहिन्या सैल राहतात आणि रक्तदाब काही अंशी उतरतो. हाडांवर भार पडत राहिला की ती टिकतात. वृद्धांमध्ये स्नायूंची ताकद आणि तोल टिकला की पडणे कमी होते. खुब्याचे हाड मोडून अंथरुणाला खिळणे हे अनेक वृद्धांच्या अखेरच्या आजारपणाची सुरुवात असते. ते टाळणे ही लहान गोष्ट नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम गतीची हालचाल करावी. मुलांनी रोज सरासरी ६० मिनिटे. ६५ वर्षांवरील व्यक्तींनी आठवड्यातून तीन दिवस तोल आणि ताकद टिकवणारे व्यायामही करावेत. दवाखान्यात हा सल्ला रोज दिला जातो. चिठ्ठीवर लिहिलेली गोळी औषधाच्या दुकानात मिळते. चिठ्ठीवर लिहिलेले ‘रोज अर्धा तास चाला’ कुठे मिळणार, हे डॉक्टर विचारत नाही आणि रुग्ण सांगत नाही. महिन्याने साखर तितकीच दिसली की दोष रुग्णाच्या आळसावर जातो. अनेकदा तो आळस नसून नसलेला पदपथ असतो.

मुलांच्या बाबतीत आणखी एक कारण पुढे आले आहे. चीनमधील ग्वांगझू शहरातल्या बारा शाळांमध्ये झालेल्या चाचणीत निम्म्या शाळांतल्या पहिलीच्या मुलांना रोज ४० मिनिटे जास्त वेळ उघड्यावर ठेवले गेले. तीन वर्षांनी त्यांच्यात दूरचे अंधूक दिसण्याचा दोष, म्हणजे लघुदृष्टी, सुमारे ३० टक्के मुलांना झाली होती. बाकीच्या शाळांत हे प्रमाण सुमारे ४० टक्के होते. हा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. दिवसाचा उजेड डोळ्याच्या वाढीवर परिणाम करतो, असे त्यामागचे कारण मानले जाते. ट्यूबलाइटखाली तो मिळत नाही. मोबाइल हिसकावून घेण्याआधी मुलाला जायला जागा आहे का, हे पाहिलेले बरे.

जागेचा स्वतंत्र परिणाम असतो का?

इथे एक शंका घ्यायलाच हवी. बागेजवळ राहणारे लोक बहुधा पैशाने सुस्थितीत असतात. मग त्यांचे आरोग्य बागेमुळे चांगले की पैशामुळे? फक्त निरीक्षणावर आधारलेल्या अभ्यासांतून याचे पक्के उत्तर मिळत नाही. तरी २००८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या इंग्लंडमधील अभ्यासाने एक महत्त्वाची गोष्ट दाखवली. गरीब आणि श्रीमंत यांच्या मृत्युदरातली दरी हिरव्या वस्त्यांत तुलनेने कमी होती. म्हणजे मोकळ्या जागेचा उपयोग गरिबाला अधिक होत असावा. श्रीमंताकडे क्लब आहे, गाडी आहे, सुट्टीत जायला फार्महाउस आहे. गरिबाकडे समोरचे मैदान असते, नाही तर काहीच नसते.

फिलाडेल्फियामध्ये तर औषधाची चाचणी घ्यावी तशी चाचणी झाली. ५४१ पडीक भूखंड चिठ्ठ्या टाकाव्यात तसे तीन गटांत वाटले. काहींवर कचरा काढून गवत आणि थोडी झाडे लावली, काहींवर फक्त सफाई केली, उरलेले तसेच ठेवले. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, हिरवळ केलेल्या भूखंडांजवळच्या रहिवाशांमध्ये खिन्न वाटण्याचे प्रमाण तसेच ठेवलेल्या भूखंडांच्या तुलनेत सुमारे ४१ टक्क्यांनी कमी झाले. केवळ कचरा उचलण्याने असा ठळक फरक पडला नाही. हे भूखंड मोठी उद्याने नव्हती. घरांच्या मधल्या रिकाम्या जागा होत्या.

यामुळेच जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागाने २०१६ मध्ये अंतराचा मुद्दा पुढे ठेवला. प्रत्येक घरापासून ३०० मीटरच्या आत, म्हणजे साधारण पाच मिनिटांच्या चालीवर, किमान अर्धा ते एक हेक्टर हिरवी जागा असावी. आपल्याकडे चर्चा मात्र ‘दरडोई किती चौरस मीटर’ यावर अडते. केंद्राच्या नगरनियोजन मार्गदर्शक सूचनांत दरडोई १० ते १२ चौरस मीटर मोकळी जागा धरली आहे. हा आकडा उपयोगी आहे, पण तो फसवाही आहे. शहराच्या एका टोकाला एक भव्य ‘सेंट्रल पार्क’ केले की सरासरी सुधारते आणि दुसऱ्या टोकाची आजी जिथल्या तिथेच राहते.

याउलट चांगले उदाहरणही महाराष्ट्रातच आहे. दादरचे शिवाजी पार्क १९२५ मध्ये मुंबईच्या महापालिकेने माहीम पार्क म्हणून खुले केले आणि १९२७ मध्ये त्याला शिवाजी पार्क हे नाव मिळाले. आधी मैदान राखले गेले आणि त्याच्याभोवती वस्ती वाढली. मैदानाभोवतीच्या सुमारे सव्वा किलोमीटरच्या कट्ट्यावर पिढ्यान्‌पिढ्या माणसे चालत, बसत आणि बोलत आली आहेत. शंभर वर्षांपूर्वी नकाशावर आखलेल्या काही रेषांचे हे फळ आहे.

कागदावर सार्वजनिक, प्रत्यक्षात कुणाची?

जागा असली म्हणजे ती सगळ्यांची होते असे नाही. व्हिएन्नामध्ये १९९० च्या दशकात पाहणी झाली तेव्हा लक्षात आले की नऊ-दहा वर्षांच्या पुढे मुली बागेत येणे सोडतात. मोठी मुले मैदान अडवतात आणि मुली भांडण्याऐवजी निघून जातात. पालिकेने काही बागांत मोठ्या मैदानाचे लहान भाग केले, वाटा आणि दिवे वाढवले, बसायच्या जागा केल्या. मुली परत येऊ लागल्या.

आपल्या गावांत आणि शहरांत हे चित्र अनोळखी नाही. क्रिकेटचा सामना सुरू असला की मैदानाच्या कडेनेही बायकांना चालता येत नाही. बागेचे फाटक दुपारी बंद. संध्याकाळी सातनंतर दिवा नाही. स्वच्छतागृह नाही आणि असले तर कुलपात. मधुमेही किंवा वयस्क माणसाला लघवीला वरचेवर जावे लागते, त्यामुळे स्वच्छतागृह नसलेली बाग त्याच्यासाठी बंदच असते. पायऱ्यांऐवजी उतार, दर शंभर पावलांवर पाठ टेकता येईल असे बाक, पिण्याचे पाणी आणि उजेड, या चार गोष्टी रंगीत कारंज्यापेक्षा स्वस्त आणि अधिक उपयोगी आहेत.

सार्वजनिक जागा कागदावर खुली असणे आणि प्रत्यक्षात खुली असणे यातले अंतर महाडइतके कुणाला ठाऊक असणार? सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने ऑगस्ट १९२३ मध्ये संमत केला. सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा, शाळा, न्यायालये, कचेऱ्या आणि दवाखाने अस्पृश्य मानलेल्यांना खुले असावेत असे त्यात होते. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. तरीही पाण्याला हात लावण्यासाठी २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह करावा लागला आणि उच्च न्यायालयाचा निकाल यायला मार्च १९३७ उजाडले. पाण्याचा तो संघर्ष माणुसकीच्या हक्काचा होता. बागेच्या बाकाशी त्याची बरोबरी होऊ शकत नाही. पण त्याने या शहराला दिलेली कसोटी आजही लागू पडते. सार्वजनिक म्हणवली जाणारी जागा सर्वांत दुर्बळ माणूस रोज बिनधास्त वापरतो का, हे पाहायचे.

महाडसमोरची निवड

२२ जुलै २०२१ च्या महापुरात सावित्री आणि गांधारीचे पाणी महाडच्या बाजारपेठेत आणि घरांत शिरले. त्याच दिवशी तालुक्यातल्या तळीये गावावर दरड कोसळून ८० हून अधिक माणसे गेली. अशा घटनांनंतर लोक उंचावरची आणि सुरक्षित जागा शोधतात, आणि ते रास्तच आहे. त्यामुळे शहराच्या उंच भागात आणि महामार्गाच्या बाजूला जमिनीची मागणी वाढते. नदीकाठच्या सखल जागेत भराव घालून बांधकाम केले तर पाणी दुसऱ्याच्या घरात जाते. तीच जागा मैदान म्हणून राखली तर वर्षातले बहुतेक दिवस ती खेळायला मिळते आणि पुराच्या दिवसांत पाण्याला पसरायला मिळते. पूर ओसरल्यावर मात्र अशा मैदानातला चिखल काढेपर्यंत मुलांना तिथे अनवाणी जाऊ देऊ नये, कारण लेप्टोस्पायरोसिसचा धोका असतो. खेळण्यांत, टायरांत आणि बंद कारंज्यांत पाणी साचू न देणे हे डेंग्यूसाठी महत्त्वाचे.

मोठ्या शहरात गेलेले मैदान परत मिळवायला न्यायालयात जावे लागते. वाढत्या लहान शहराला ते आधीच राखता येते. त्यासाठी तीन गोष्टी नागरिकांना माहीत हव्यात.

पहिली, शहराचा विकास आराखडा. त्यात बाग, मैदान, दवाखाना यांची आरक्षणे दाखवलेली असतात. पण महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमाच्या कलम १२७ नुसार आराखडा लागू झाल्यापासून दहा वर्षांत जमीन ताब्यात घेतली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो. त्यानंतर दोन वर्षांत संपादनाची पावले उचलली नाहीत तर आरक्षण संपते. यात मालकाचाही दोष नाही. स्वतःची जमीन त्याने अनंतकाळ अडकवून का ठेवावी? दोष वेळेत तरतूद न करणाऱ्या व्यवस्थेचा आहे.

दुसरी, २०२० पासून राज्याच्या बहुतेक भागात लागू असलेली एकत्रित विकास नियंत्रण नियमावली. तिच्यात ०.४ हेक्टर किंवा त्याहून मोठ्या जागेच्या आराखड्यात साधारणपणे १० टक्के जागा मनोरंजनासाठी मोकळी ठेवण्याची तरतूद आहे. फ्लॅट घेताना टाइल्स आणि पार्किंग विचारले जाते. मंजूर नकाशात ही दहा टक्के जागा कुठे आहे आणि तिथे आज काय उभे आहे, हेही विचारायला हवे.

तिसरी, सर्वोच्च न्यायालयाचा १९९१ चा एक निकाल. बंगळूरमध्ये बागेसाठी राखीव असलेली जागा एका खासगी रुग्णालयाला दिली गेली होती. रहिवासी न्यायालयात गेले. रुग्णालय हेही लोकोपयोगी काम आहे, असा बचाव झाला. न्यायालयाने तो मान्य केला नाही आणि बाग बागच राहिली. वैद्यक व्यवसायाने हा निकाल लक्षात ठेवण्यासारखा आहे. बाग घालवून बांधलेले रुग्णालय स्वतःसाठी रुग्णही तयार करत असते.

नगरपरिषदांकडे पैसा नाही, घरांची गरज मोठी आहे, ही अडचण खरी आहे. पण सगळेच उपाय जमीन विकत घेण्याचे नाहीत. शाळांची मैदाने सायंकाळी आणि सुट्टीत ठरावीक वेळ, देखरेखीची सोय करून, वस्तीला खुली करता येतात. एका गल्लीत रविवारी सकाळी वाहने थांबवता येतात. पदपथ सलग आणि मोकळा ठेवता येतो. तुडीलसारख्या गावांत ग्रामपंचायतीला अजून पर्याय आहेत. शाळेजवळची, देवळा-मशिदीजवळची किंवा गावठाणालगतची मोकळी जागा आजच नोंदवून, झाडे लावून राखली तर पंधरा वर्षांनी तिच्यासाठी कुणाला न्यायालयात जावे लागणार नाही.

तोवर प्रत्येक घराला एक साधी मोजणी करता येईल. घरातल्या सर्वांत वयस्क आणि सर्वांत लहान व्यक्तीला घेऊन, त्यांच्या चालीने, जवळच्या मोकळ्या जागेपर्यंत जावे आणि घड्याळ पाहावे. पाच मिनिटांत पोहोचता आले, वाटेत रस्ता ओलांडताना जीव मुठीत धरावा लागला नाही आणि तिथे बसायला जागा मिळाली, तर वस्ती आरोग्याला पोषक आहे. नाही तर तेवढाच एक प्रश्न घेऊन नगरपरिषदेत जावे आणि विकास आराखड्यात आपल्या वॉर्डातले मैदान कुठे दाखवले आहे ते पाहावे. ते नकाशावर असेल आणि जमिनीवर नसेल, तर दहा वर्षांची मुदत कधी संपते, ही तारीख मात्र विचारून, लिहून घेऊनच घरी यावे.